कोरडी वाटी

१

सात नंबरच्या तळ्यातले शंभर मासे एका दुपारी चिरले, आणि शंभरात अठ्ठेचाळीस नर निघाले. खरं तर एकही निघायला नको होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच तळ्याच्या तोंडावरच्या जाळीला उबवणी केंद्राचे मास्तर अडकलेले सापडले.

लोकांना कोडं असं पडलंच नाही. पंचवीस वर्षांत ज्याच्या हातून एक तुकडी बिघडली नाही, त्याची चूक चव्हाट्यावर आली. वर कामाच्या वहीतलं नेमकं त्याच तुकडीचं पान गायब. लाज सहन झाली नाही, म्हाताऱ्यानं तळं जवळ केलं. पोलिसांनी तेवढं लिहून घेतलं आणि ते गेले. सगळे हळहळले आणि आपापल्या कामाला लागले.

तीन आठवड्यांनी मत्स्यपालक संघानं बाईंना पाठवलं. बाई म्हणजे संघाच्या जुन्या तज्ज्ञ, वय सदुसष्ट, गुडघे कुरकुरणारे, जीभ शाबूत. मास्तरांबरोबर त्यांनी उमेदीची नऊ वर्षं याच उबवणी केंद्रात काढली होती. गेल्या वर्षी संघाच्या सभेत मात्र मास्तर त्यांच्या अगदी समोरून निघून गेले, ओळखसुद्धा दाखवली नाही. बाई रुसल्या. वर्षभर त्यांनी फोन केला नाही, आणि आता करायला पलीकडे कुणी उरलं नव्हतं.

संघाला मास्तरांच्या मरणाशी कर्तव्य नव्हतं. त्यांचा प्रश्न एकच होता: इथलं वाण बिघडलंय का? बिघडलं असेल तर शनिवारी प्रजननाचे सगळे मासे नष्ट करायचे, म्हणजे मास्तरांची पंचवीस वर्षं एका दिवसात खड्ड्यात पुरायची. बाईंच्या सहीवर ते ठरायचं होतं आणि आज गुरुवार होता.

इथला धंदा माद्यांचा. थंड वाहत्या पाण्यातल्या या माशाचा नर वर्षा-दोन वर्षांत वयात येतो, काळवंडतो, आणि खाल्लेलं अंगी लावायचं सोडून भांडत बसतो. मादी निमूट वाढत राहते. यात माशांचं म्हणून खास काही नाही, असं बाई म्हणायच्या. तर सगळ्या माद्याच जन्माला घालण्यासाठी एक युक्ती आहे. मादीत दोन एक्स गुणसूत्रं असतात, नरात एक एक्स आणि एक वाय. मादी पिल्लांना अगदी लहानपणी काही आठवडे नराच्या संप्रेरकाचं खाणं दिलं की ती नर होऊन वाढतात, पण आत एक्सच एक्स. मग त्यांच्या वीर्यात वाय यायचा कुठून? अशा बापाचं प्रत्येक पिल्लू मादी होतं.

कागदावर या बापांचं नाव लांबलचक होतं. कामावर त्यांना सगळे मावसा म्हणत. मावशीचा नर केला, म्हणून मावसा. साधे, जन्मजात नर ते काका. ही नावं मास्तरांनी आणि बाईंनी मिळून ठेवली होती आणि त्या दिवशी दोघं पोट धरधरून हसले होते.

अठ्ठेचाळीस नर म्हणजे त्या तुकडीला कुठून तरी काका भेटला होता. तो कुठून भेटला, एवढंच शोधायचं होतं.

२

केंद्राचे साहेब टेबलामागे बसले होते. डोक्यावर, चौकटीत, संघाचं प्रशस्तिपत्र लटकत होतं.

"बाई, स्पष्ट सांगतो," साहेब म्हणाले. "मावशांच्या हौदात काका शिरलेत. खुणा चुकल्या असणार, म्हातारपणी व्हायचंच. सगळं साफ करू आणि बाहेरून नवी अंडी आणू."

"वही बघू."

वही जाडजूड, दोऱ्यानं शिवलेली होती. ती तुकडी केली ती दोन हिवाळ्यांमागची बावीस तारीख जिथं असायला हवी, तिथं शिवणीजवळ पानाची बोटभर पट्टी उरली होती. बाईंनी चष्मा कपाळावर ढकलून ती जवळून पाहिली. कड सरळ होती. फूटपट्टी ठेवून, धारदार पात्यानं कापलेली. शिवणीपलीकडचं जोडीचं पान सुटू नये म्हणून त्याला आतून डिंक लावला होता.

"हे मास्तरांनी फाडलं म्हणता?"

"दुसरं कोण? मासे चिरले त्या दुपारी मी त्यांना इथंच बोलावलं. तोंड वर करून म्हणतात, 'साहेब, वहीत आहे की सगळं, मी तेव्हाच लिहिलंय.' मी वही उघडून पुढ्यात आपटली. म्हटलं, दाखवा. पान कुठाय?"

"मग?"

"मग काय. वहीच्या मध्यावरून बोट फिरवत बसले. बराच वेळ. मग उठले आणि चालते झाले. एक शब्द नाही." साहेबांचा आवाज थोडा उतरला. "मी खोटारडा म्हणालो त्यांना. तेवढं बोलायला नको होतं."

बाईंना खिडकीबाहेर बघावं लागलं. मास्तरांना आयुष्यात कुणी खोटारडं म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं ते शेवटच्या दुपारी. पण मनात दुसरंच काहीतरी टोचत होतं. ज्यानं स्वतः पान कापलं, तो माणूस साहेबांना वही बघायला कशाला पाठवील? आणि वही उघडल्याउघडल्या कुणालाही दिसेल अशी ती पट्टी मास्तरांना बोटानं का शोधावी लागली?

उठता उठता त्यांची नजर चौकटीवर गेली.

"हे कशाचं?"

"उबवणीचं." साहेब जरा खुलले. "एक्याण्णव टक्के अंडी फुटून पिल्लं निघाली होती. आमचा आजवरचा उच्चांक."

बाईंनी खाली लिहिलेली तुकडीची तारीख वाचली. बावीसच होती.

३

प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकावर बसणाऱ्या माणसाला सगळे भिंगवाला म्हणत. चाळिशीचा, अंग चोरून बोलणारा. बाईंनी खुर्ची ओढली आणि आधी इकडचं तिकडचं विचारून घेतलं.

"पिल्लं चार महिन्यांची झाली की शंभर चिरून तपासायची असतात. या तुकडीची तपासलीस?"



"नाही तपासली," तो खाली बघत म्हणाला. "सही केली. मास्तरांची तुकडी होती हो, कधी चुकलीय? ट्रेच्या चिठ्ठीवर 'सर्व मादी' होतं, तेच यादीत उतरवलं. माझी चूक आहे, नाही म्हणत नाही."

"बावीस तारखेला इथं कोण होतं?"

"मी नव्हतो. बहिणीचं लग्न होतं, चार दिवस रजा. मास्तर आणि ताई, दोघंच. साहेब तर वीर्याच्या खोलीत पाऊल टाकत नाहीत, रक्त बघून त्यांना गरगरतं."

ताई म्हणजे मास्तरांची लेक. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर बापाकडे आली आणि बापाच्याच हाताखाली लागली, त्याला सहा वर्षं झाली होती.

"मावसे किती मारले त्या दिवशी?"

"सहा. रोज सहाच."

मावशाचं एक दुःख आहे. त्याला नर केला तरी वीर्याची वाट पुरी उघडत नाही. काकाचं पोट नुसतं हलकेच दाबलं की वीर्य येतं आणि काका परत पाण्यात जातो. मावशाला मात्र मारावं लागतं. आतला वीर्याचा पिंड काढायचा, चिरायचा, वाटीत गाळायचा. शिवाय ते वीर्य कच्चंच असतं. शंभरातली पासष्ट-सत्तर अंडी फुटली तरी मास्तर खूश व्हायचे.

बाईंनी कागद घेतला.

"आठ नंबरचं तळं तेवीस तारखेचं ना? मावसे त्याच हौदातले?"

"त्याच. आम्ही कालच चिरले शंभर. सगळ्या माद्या."

"मग बघ. हौदात एखादा काका चुकून शिरला असता, तर त्या सहांत तो एक असता. एक असता तर शंभरात आठ-दहा नर मिळाले असते. तीन असते तर पंचवीस. अठ्ठेचाळीस म्हणजे जवळजवळ निम्मे. निम्मे कधी होतात?"

भिंगवाल्यानं मान वर केली. "सहाच्या सहा काका असले तर."

"आणि दुसऱ्या दिवशी त्याच हौदातले सहाच्या सहा अस्सल मावसे. हे पटतं तुला?"

"नाही पटत."

"हौद स्वच्छ आहे. वाण स्वच्छ आहे. सहा मावसे मेले, पण त्यांचं वीर्य अंड्यांवर पडलंच नाही. कुणीतरी ऐन वेळी काकांचं आणून घातलं. म्हणून तर एक्याण्णव टक्के फुटली." बाईंनी टोपण लावलं. "साहेबांनी गुन्ह्याचा पुरावा चौकटीत घालून डोक्यावर टांगलाय."

"पण वाईट करायचं असतं तर अंडी फुटू कशाला दिली?"

बाई दाराशी थांबल्या. प्रश्न बरोबर होता. हे करणाऱ्याला काही बिघडवायचं नव्हतंच, वाचवायचं होतं. आणि त्या दिवशी तिथं दोनच माणसं होती.

४

वीर्याची खोली बाईंनी स्वतः आखली होती. उत्तरेकडची खिडकी, दगडी ओटा, भिंतीला वाट्यांची फळी. वाट्या उपड्या आणि पुसलेल्याच हव्यात, हा इथला पहिला धडा. वीर्यातले जंतू तोवर झोपलेले असतात. पाण्याचा थेंब लागला की जागे होऊन पळत सुटतात, आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात दमून संपतात, कायमचे. ती धाव अंड्यावर व्हायला हवी. ओल्या वाटीत झाली तर सगळं फुकट. नव्या माणसाला मास्तर आधी महिनाभर नुसत्या वाट्या पुसायला लावत. बाईंनासुद्धा लावल्या होत्या.

लेक ओट्यापाशी उभी होती. रडून रडून कोरडी पडलेली दिसत होती.

"मावशी, चहा ठेवू?"

"नको. तू बस."

ती बसली नाही. बाई खोलीभर फिरल्या. हौदांच्या झाकणांच्या कडांना कानशीनं खाचा पाडलेल्या होत्या: मावशांच्या हौदाला दोन, काकांच्या हौदाला एक. मास्तरांच्या टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकावर खोळ होती आणि खोळीवर बोटभर धूळ. दारापासून बाहेर तळ्यांच्या बांधापर्यंत कमरेच्या उंचीवर दोरी बांधली होती. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी होत्या.

"ही कशाला?"

"जाळी वाळत घालायला."

"गाठींवर?"

लेकीनं दार ओढून घेतलं.

"मास्तर हातमोजे घालायचे का गं अलीकडे?"

"नाही. उघड्या हातानंच करायचे. म्हणायचे, हाताला कळतं."

बाईंनी हौदात बोट बुडवलं आणि लगेच काढलं. पाणी हाडात शिरत होतं. सत्तरीचा माणूस या पाण्यात उघडे हात घालतो, तो हाताला जास्त कळतं म्हणून नाही. दुसऱ्या कशानं कळेनासं झालंय म्हणून.

"शेवटच्या रात्री काही बोलले तुझ्याशी?"

"जेवले. ताट स्वतः उचललं. मग म्हणाले, 'सकाळी बोलू.'" तिनं ओट्याची कड घट्ट धरली. "एवढंच. मावशी, तुम्ही वाणाचं बघायला आलात ना? मग वाणाचं बघा. ते गेलेत. त्यांना आता कशाला उकरताय?"

"वाण बिघडलं नसेल, तर शनिवारी मासे वाचतील. त्यांचेच मासे ते."

"मला नाही काही ठाऊक," लेक म्हणाली आणि पाठ फिरवून, आधीच कोरड्या असलेल्या वाट्या पुसायला लागली.

५

जाळेवाला सात नंबरच्या बांधावर बसून जाळं सांधत होता. गडी मोठा, मन त्याहून मोठं, पण मास्तरांवर रागावलेला होता, आणि मेलेल्या माणसावर रागवावं लागतंय म्हणून स्वतःवरही.

"वीस वर्षांची ओळख आमची," तो म्हणाला. "अलीकडे शेजारून जायचे, बघायचे पण नाहीत. मी नुसता हात केला तर उत्तर नाही. हाक मारली तर मात्र गोड बोलायचे. म्हटलं, मोठे झाले मास्तर."

"मलाही तसंच वाटलं होतं," बाई म्हणाल्या. त्यांना स्वतःची लाज वाटली. सभेत त्या समोर उभ्या होत्या, हसल्याही होत्या, पण हाक मारली नव्हती. एवढीशी हाक मारायला काय जात होतं?

"सापडले तेव्हा अंगावर काय होतं?"

"नेहमीचंच. गमबूट, गळ्यात दोरीला पाण्याचं तापमापक. खाण्याची बादली तरंगत होती बाजूला, निम्मी भरलेली."

"जीव द्यायला निघालेला माणूस माशांचं खाणं घेऊन निघतो का रे?"

जाळेवाल्याची सुई थांबली.

तळ्याच्या पाटावर एक लाकडी फळी टाकलेली होती, पलीकडच्या बांधावर जायला. बाईंनी दोरीचं टोक गाठलं. शेवटच्या गाठीवर हात ठेवून त्यांनी डोळे मिटले आणि बांधाच्या कडेनं पावलं मोजत चालायला लागल्या. पंधरा, सोळा, सतरा, अठरा, एकोणीस. एकोणिसाव्या पावलाला पायाला लाकूड लागलं, तशा त्या थांबल्या आणि डोळे उघडले. समोर फळी होती.

"ही फळी कायम इथंच असते?"

"कायम. मासे चिरायचे होते त्या दिवशी तेवढी हलवलेली. जाळं ओढायला आड येत होती, म्हणून दोन हात पलीकडे सरकवली. मास्तरांना काढल्यावर परत जागेवर टाकली."

"म्हणजे त्या सकाळी ती दोन हात पलीकडे होती."

"हो."

"मास्तरांना सांगितलं होतंस?"

"त्यात सांगायचं काय, बाई?" जाळेवाला म्हणाला. "समोर दिसतंच की."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. थोड्या वेळानं त्यालाही कळलं. त्यानं जाळं खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

६

संध्याकाळ व्हायच्या आत बाई परत वीर्याच्या खोलीत आल्या. या वेळी त्या स्वतः बसल्या आणि लेकीला हाताला धरून बसवलं.

"मी सांगते, तू ऐक. चुकले तर थांबव."

लेकीनं मान हलवली नाही, पण उठलीही नाही.

"तुझ्या बाबांच्या डोळ्यांचा पडदा गेला होता. दोन वर्षांपूर्वी बारीक दिसेनासं झालं, आणि पुढं जवळजवळ सगळंच. कुणाला कळलं नाही, कारण तू कळू दिलं नाहीस. दोरीच्या गाठी तुझ्या, झाकणांच्या खाचा तुझ्या. त्या दिवशी भिंगवाला रजेवर होता. सहा मावसे मारले, वीर्य वाटीत गाळलं. भिंगातून तू पाहिलंस आणि तिथं काही हलत नव्हतं."



"वाटीच्या तळाला पाणी होतं," लेक म्हणाली. "चमचाभर. बाबांनीच पुसली होती, पण त्यांना दिसलं नाही. त्यांना, मावशी. ज्यांनी मला महिनाभर वाट्या पुसायला लावल्या." तिचा आवाज कुठेच चढत नव्हता. "चाळीस हजार अंडी काढून तयार होती. ती थोडीच थांबणार? आणखी मावसे मारावेत तर उरलेले दुसऱ्या दिवसाचे. मी काकांच्या हौदाकडे धावले. अंडी वाचली. मग बाबांना सांगितलं."

"आणि ते म्हणाले, लिहायचं."

"स्वतः लिहिलं. तोंडानं सांगायचा धीर नव्हता त्यांना. डोळ्यांचं कळलं असतं तर घरी बसवलं असतं, आणि घरी बसून ते करणार काय होते? म्हणाले, वहीत आहे, वाचेल त्याला कळेल."

"आणि वाचायच्या आधी तू पान कापलंस."

"त्याच संध्याकाळी. चिठ्ठीवर 'सर्व मादी' मीच लिहिलं." आता ती पहिल्यांदा बाईंच्या नजरेला नजर देऊन बोलली. "दोन वर्षं कुणी काही बोललं नाही. बाबांना वाटलं, साहेबांनी वाचलं आणि मोठ्या मनानं पोटात घातलं. मला म्हणायचे, बघ, माणसं चांगली असतात. मी त्यांना तसं समजू दिलं. मग त्या दुपारी साहेबांनी वही पुढ्यात टाकली, आणि त्यांच्या बोटाला ती पट्टी लागली. कुणी कापलं ते त्यांना तिथंच कळलं असणार. खोटारडे ठरले, पण माझं नाव घेतलं नाही. आणि सकाळी..." ती थांबली. "माझ्यामुळे गेले ते. मला माहीत आहे, तुम्ही नका सांगू."

"जीव दिला नाही त्यांनी."



बाईंनी तिला सगळं सांगितलं. गळ्यातलं तापमापक, निम्मी बादली, एकोणीस पावलं, दोन हात सरकलेली फळी. रोजच्यासारखे ते कामाला निघाले होते. सकाळी बोलू म्हणणाऱ्या माणसाला सकाळ हवी असते.

लेकीच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. तीन आठवड्यांत तिनं असा श्वास घेतला नसावा. बाईंना वाटलं, एवढं तरी आपल्या हातून झालं. आणि मग तो चेहरा हळूहळू पुन्हा बदलला.

"रोज सकाळी मी पुढं चालायचे," लेक म्हणाली. "दोरी संपली की मी पुढं आणि ते पावलं मोजत मागून. त्या दिवशी ते माझ्या दाराशी येऊन थांबले होते. मी जागी होते, मावशी. ते काय बोलतील याची भीती वाटली, म्हणून झोपेचं सोंग घेतलं. ते जरा वेळ थांबले आणि एकटेच गेले."

बाईंनी तिचा हात सोडला नाही.

"आणि डोळ्यांचं मी कुणाला सांगितलं असतं," ती पुढं म्हणाली, "तर फळी हलवल्याचं त्यांना कुणीतरी सांगितलं असतं. हो ना?"

पन्नास वर्षांच्या कामात बाईंनी नोंदीत एक खोटा आकडा लिहिला नव्हता. या क्षणी त्यांना ते फार जमवावंसं वाटलं. तोंड उघडून त्यांनी "नाही" म्हणायचा प्रयत्न केला.

"हो," त्या म्हणाल्या. "सांगितलं असतं."

मग दोघी बराच वेळ रडल्या. बाई त्या लेकीसाठी रडल्या, मास्तरांसाठी रडल्या, आणि सभेत न मारलेल्या त्या हाकेसाठीही.

७

"पान कुठं आहे?" डोळे पुसून बाईंनी विचारलं.

"कुठलं? ते मी तेव्हाच..."

"फूटपट्टी लावून कापलंस. जोडीचं पान सुटू नये म्हणून डिंक लावलास. इतकं जपून कापणारी पान फेकत नाही."

लेक उठली. वाट्यांच्या फळीवर, सगळ्यात वरच्या उपड्या वाटीखाली, चौघडी घातलेला कागद होता. पाणी कधीच लागणार नाही अशी खोलीतली ती एकच जागा होती.

बाईंनी पान उलगडलं. वर लेकीचं अक्षर: मावसे सहा, वीर्याची हालचाल शून्य. त्याखाली मास्तरांचं. मोठमोठं, ओळ सोडून खाली घसरत गेलेलं, दोन शब्द एकमेकांवर चढलेले. 'वाटी ओली राहिली. दोष माझा. काकांचं वापरलं आहे. तुकडी मिश्र, वेगळी ठेवावी. मला आता नीट दिसत नाही, हे साहेबांना कळावे.'

शेवटचं वाक्य बाईंनी दोनदा वाचलं. जे तोंडानं कुणालाच सांगता आलं नाही, ते त्यांनी दोन वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं होतं.

"हे मी साहेबांपुढं ठेवलं," लेक म्हणाली, "तर मासे वाचतील. आणि बाबा ओली वाटी ठेवणारे म्हणून लोकांच्या लक्षात राहतील."

"आणि खरं लिहिणारे म्हणून. आत्ता ते पान कापून पळणारे आहेत."

"मला काढतील."

"काढतील कदाचित. मी सांगून बघेन, पण शब्द देत नाही."

लेकीनं ओट्यावरचा डिंक घेतला. वही बाईंनी सोबत आणली होती. पट्टीला डिंक लावून तिनं पान जागेवर बसवलं, कडेला कड जुळवली आणि वरून तळहातानं दाबून धरलं. वाळेपर्यंत तिनं हात काढला नाही. मग तिनं पेन मागितलं. मास्तरांच्या 'दोष माझा'समोर थोडी जागा होती, ओळ खाली घसरल्यामुळे उरलेली. तिथं तिनं बारीक, सरळ अक्षरात लिहिलं, 'माझाही', आणि खाली आजची तारीख घातली.

बाईंनी संघाच्या कागदावर लिहिलं: वाण शुद्ध. मासे राखावेत. सही केली.

खिडकीबाहेर जाळेवाला बांधावर गुडघे टेकून बसला होता आणि फळीची चारी टोकं खुंट्या ठोकून जमिनीला पक्की करत होता. आता तिच्यावरून ज्यांना दिसतं अशीच माणसं जाणार होती. तरी तो ठोकत राहिला, आणि त्याचं काम आटोपेपर्यंत लेक खिडकीत उभी राहिली.